दहाव्या कलमाचे पहिले १२ तास
रासायनिक शस्त्रबंदीचा करार २९ एप्रिल १९९७ पासून लागू आहे. शस्त्रं नष्ट करण्याबद्दल खूप लिहिलं जातं, पण मदतीचं दहावं कलम फारसं कुणी वाचत नाही. ते वाचायलाच हवं.

हल्ला झालेल्या किंवा हल्ल्याची भीती असलेल्या देशाने विनंती केली, की करार राबवणाऱ्या हेगमधल्या संघटनेच्या (ओपीसीडब्ल्यू) महासंचालकांनी ती १२ तासांत मदत देऊ केलेल्या देशांकडे पोचवायची. २४ तासांत चौकशी सुरू, ७२ तासांत अहवाल. पुढच्या २४ तासांत कार्यकारी परिषदेची बैठक, आणि निर्णय साध्या बहुमताने. ही घाई योग्यच आहे, कारण सरीनसारखं मज्जातंतूंवर घाला घालणारं विष काही मिनिटांत जीव घेतं. म्हणूनच बाहेरची मदत पोचेपर्यंत स्थानिक पथकालाच निभावून न्यावं लागतं, आणि खरं काम प्रशिक्षणाचं आहे.

तिथे चुका साध्या असतात. दाढी वाढलेली असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही. विषारी रसायन ओळखणारा शोधक कागद द्रवाचे थेंब दाखवतो, वाफ नाही. कागद कोरा राहिला म्हणून मास्क काढायचा नाही. रुग्णाचे कपडे आधी उतरवायचे, मग अंग धुवायचं. अ‍ॅट्रोपिन हा उतारा किती द्यायचा हे डोळ्यांच्या बाहुल्यांवरून ठरवू नका, त्या बराच वेळ बारीकच राहतात. छातीतला स्राव आटला, श्वास मोकळा झाला, की डोस पुरेसा झाला.