आठ कार्डे आणि सिन्नरची गारगोटी

नाशिकहून सिन्नरचे गारगोटी खनिज संग्रहालय जेमतेम ३० किलोमीटरवर असले, तरी माझ्या भाच्याला घेऊन तिथवर पोहोचायला मला तीन आठवडे लागले. तो अकरा वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे आणि दगड म्हणजे त्याचा जीव की प्राण. गोदाघाटावरून तो खिसे भरून खडे आणतो आणि वहिनी ते गुपचूप गॅलरीतल्या कुंडीत ओतते. हे त्याला ठाऊक नसावे, असा आमचा समज होता.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दुसऱ्या एका शहरातील संग्रहालयात काहीही तयारी न करता गेलो होतो. नेमक्या त्याच वेळी शाळांच्या सहली आलेल्या, शिपाई शिट्ट्या वाजवत होता, आणि स्वच्छतागृहातले हात वाळवण्याचे यंत्र अचानक घरघरू लागताच हा कान दाबून जो फरशीवर बसला, तो उठेचना. ‘एवढा मोठा होऊन हट्ट करतो’, असे मागून कोणीतरी म्हणाले. तो हट्ट नव्हता. स्वमग्न व्यक्तींपैकी अनेकांना आवाज, उजेड, वास किंवा स्पर्श इतरांपेक्षा फार तीव्र जाणवतात, काहींना उलट फारच कमी. आणि पुढे काय घडणार हे माहीत नसले की हा ताण आणखी वाढतो. आपल्याकडे दिव्यांगांसाठी सोय म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे फक्त रॅम्प येतो. कायद्यालाही वेळ लागलाच: १९९५ च्या दिव्यांगविषयक कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती, २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत ती आली.

म्हणून या वेळी मी आधी एकटीच जाऊन आले. गाडी कुठे लावायची, तिकीट कुठे मिळते, बसायला शांत कोपरा कुठे आहे, हे पाहून घेतले. गर्दी कधी नसते आणि सहली कोणत्या दिवशी येणार आहेत, हेही विचारले. घरी आल्यावर आठ कार्डे तयार केली: गाडी, महामार्ग, फाटक, तिकीट, काचेतले दगड, पाण्याची बाटली, ‘बाहेर जायचे’ आणि शेवटी घरचा वरणभात. रोज संध्याकाळी आम्ही ती त्याच क्रमाने मांडत असू. ‘बाहेर जायचे’ हे कार्ड त्याने दाखवले की कोणी एक शब्दही न विचारता निघायचे, असे ठरले.

“म्हणजे तिकीट काढून पाच मिनिटांत परत?” दादाने विचारले.

“हो दादा, तसेही होईल.”

आठवड्याच्या मधल्या वारी, संग्रहालय उघडताच आम्ही आत शिरलो. काचेतल्या नमुन्यांवर दिव्यांचे झोत असतात, म्हणून त्याला टोपी घातली होती; कानांवर आवाज अडवणारे हेडफोन होते आणि शर्टाच्या मानेवरचे लेबल वहिनीने आदल्या रात्रीच उसवले होते. पहिली दोन दालने त्याने न थांबता पार केली. मग स्टिल्बाइटच्या फिकट गुलाबी जुडग्यापुढे तो थांबला, तो वीस मिनिटे. हे दगड आपल्याच जमिनीतले आहेत: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्यातले वायूचे बुडबुडे थिजून पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांत झिरपलेल्या उष्ण पाण्यातून झिओलाइट गटातली ही खनिजे सावकाश जमत गेली. हे सारे त्याला सांगावे असे मला फार वाटत होते, पण मी गप्प राहिले. तो पाटीवरचे नाव कुजबुजत होता, ‘स्टिल्बाइट, स्टिल्बाइट’, आणि प्रत्येक वेळी बोट काचेपासून एका इंचावर थांबवत होता.

चाळिसाव्या मिनिटाला त्याने कार्ड दाखवले. बरेच काही पाहायचे राहिले होते. दादाच्या मनात गोंदेश्वराचे देऊळही होते, कारण सिन्नरला जाऊन ते न पाहणे त्याला पटत नाही. पण त्या देवळाचे कार्ड आम्ही केले नव्हते. आम्ही निघालो.

घरी वरणभात झाल्यावर तो सरळ गॅलरीत गेला, कुंडीतली माती उकरून आपले सगळे खडे त्याने एकेक करून बाहेर काढले आणि खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने लावले. वहिनी माझ्याकडे पाहत राहिली.