रक्ताने भरलेल्या हृदयाला रक्त कोण पुरवतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हृदयात चोवीस तास रक्त असतंच, मग त्याला आणखी वेगळ्या रक्तवाहिन्या कशाला? शरीररचनाशास्त्र शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला पहिल्या वर्षाच्या मुलांनी विचारलाय आणि अँजिओग्राफीचा रिपोर्ट घेऊन आलेल्या नातेवाइकांनीही. मला तो फार आवडतो. हृदयाचे चार कप्पे डोळ्यांपुढे आणून नीट विचार केल्याशिवाय तो सुचत नाही.

उत्तर दडलंय ते भिंतीच्या जाडीत. वरच्या दोन्ही कप्प्यांच्या, म्हणजे कर्णिकांच्या, भिंती पातळ असतात, त्यांना रक्त फक्त खाली ढकलायचं असतं. खालचे दोन कप्पे म्हणजे जवनिका. उजव्या जवनिकेची भिंत ३-४ मिलिमीटरची, कारण तिचं रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच जातं. डाव्या जवनिकेला मात्र ते डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पोचवायचं असतं, म्हणून तिचा स्नायू साधारण १ सेंटीमीटर जाड. आता, प्राणवायू रक्तातून पेशीत झिरपतो तो फार थोडं अंतर, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं. त्यामुळे कप्प्यातल्या रक्ताचा उपयोग होतो तो आतल्या अस्तराला आणि त्याला चिकटलेल्या अगदी पातळ थराला. बाकीचा सगळा स्नायू रक्ताला खेटून असूनही उपाशीच राहील. शिवाय उजव्या बाजूच्या रक्तातला बराचसा प्राणवायू आधीच शरीराने वापरलेला असतो, हे वेगळंच.

बेडकाचं हृदय या अडचणीतून वेगळ्या वाटेने सुटतं. त्याची जवनिका स्पंजासारखी जाळीदार असते, रक्त थेट स्नायूच्या फटींत शिरतं, आणि बेडकाचं तेवढ्यावर भागतं. आपलंही सुरुवातीला असंच असतं! गर्भात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हृदय धडधडायला लागतं तेव्हा त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. आतल्या जाळीतूनच त्याचं पोषण होतं. पुढे भिंत भरीव होत जाते आणि वाहिन्या तयार होतात. त्या जाळीच्या खुणा म्हणजे जवनिकेच्या आतले खडबडीत स्नायूंचे उंचवटे. मोठ्या माणसाचं हृदय उघडलं की मी मुलांना त्यावरून बोट फिरवायला सांगते.

या वाहिन्या निघतात कुठून, तर महाधमनीच्या अगदी मुळाशी, झडपेच्या पाकळ्यांच्या जरा वर. एक उजवी, एक डावी. डावीचे लगेच दोन फाटे होतात: एक पुढून खाली उतरतो, दुसरा वळसा घालून मागे जातो. म्हणजे हृदय बाहेर पाठवलेल्या रक्तातला पहिला वाटा स्वतःकडेच वळवतं. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर पडतं, त्यातला जवळजवळ विसावा हिस्सा इथे येतो. वापरून झालेलं बहुतेक रक्त शिरांतून थेट उजव्या कर्णिकेत परततं.

यातली एक गोष्ट मला इतक्या वर्षांनंतरही थांबून सांगावीशी वाटते. जवनिका आकुंचन पावते तेव्हा स्वतःच्याच भिंतीतल्या वाहिन्या आवळते. त्यामुळे डाव्या जवनिकेच्या स्नायूला बहुतेक रक्त मिळतं ते दोन ठोक्यांच्या मधे, स्नायू सैल पडल्यावर. नाडी फार जोरात धावू लागली की कमी होतो तो मुख्यतः हाच मधला वेळ. आणि हृदयाचा स्नायू आलेल्या रक्तातला बहुतेक प्राणवायू एरवीही काढून घेतोच. जास्त हवा असेल तर जास्त रक्तच यावं लागतं. म्हणून वाट अरुंद झालेल्या माणसाला बसल्या जागी काही होत नाही, पण जिना चढताना छातीत दुखतं.

नातेवाइकांना मी कागदावर मुठीएवढं हृदय काढून दाखवते. 'ब्लॉक' म्हटलं की बहुतेकांना वाटतं, आत कप्प्यात काहीतरी अडकलंय. मग मी पेन्सिल बाहेरच्या पृष्ठभागावरून फिरवते. या धमन्या तिथे चरबीच्या थरात पसरलेल्या असतात आणि मुळाशीही जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असतात. कागद ते बहुधा घडी घालून खिशात ठेवतात.