करड्या कागदाचे दोन चौकोन

सातवीत असताना चित्रकलेच्या सरांनी आमच्या डोळ्यांदेखत एकाच करड्या कागदातून दोन चौकोन कापले. एक नारिंगी कागदावर चिकटवला, दुसरा निळ्यावर. मग विचारलं, "दोन्ही सारखेच आहेत ना?" अख्खा वर्ग म्हणाला, "नाही." नारिंगीवरचा निळसर दिसत होता, निळ्यावरचा किंचित तांबूस. कापताना पाहिलं होतं, तरी डोळे ऐकेनात. सर म्हणाले, "रंग बघताना शेजार बघायचा."

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचा निरोप आला, तेव्हा पहिल्यांदा आठवला तो हा तास.

गेली तीस वर्षं मी दिवसा वेष्टनं, बोधचिन्हं आणि मुखपृष्ठं करते; रात्री आणि सुटीच्या दिवशी अमूर्त चित्रं. सुरुवातीला दोन्हीकडून बोलणी खाल्ली. चित्रकार मित्र म्हणायचे, जाहिरातीनं हात बिघडतो. एजन्सीतले म्हणायचे, हिच्या लेआउटमध्ये मोकळी जागाच फार.

कला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, शेजारामुळे रंग कसा बदलतो हे शिकवणारे चित्रकार योसेफ आल्बर्स सापडले आणि सरांच्या त्या तासाचं मूळ कळलं. आल्बर्स जर्मनीतल्या बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेत शिकले, तिथेच शिकवू लागले, आणि 1933 मध्ये ती संस्था बंद पडल्यावर अमेरिकेला गेले. 1950 पासून 1976 मध्ये वारले तोपर्यंत चौकोनात चौकोन रंगवत राहिले. हजाराहून अधिक चित्रं! रंग ट्यूबमधून काढून थेट सुरीनं लावायचे आणि कुठल्या कंपनीचा कुठला रंग, हे चित्राच्या पाठीमागे लिहून ठेवायचे. त्याच काळात, 1959 ते 1961 दरम्यान, त्यांनी ग्रामोफोन रेकॉर्डची वेष्टनंही केली. चित्रकार सोनिया डेलोने तर मला फारच जवळची वाटते. 1911 मध्ये तिनं तान्ह्या मुलासाठी तुकडे जोडून गोधडी शिवली आणि त्या तुकड्यांतून तिला अमूर्ताची वाट दिसली. पुढे तिनं कापडांची डिझाइन्स केली, कपडे केले, आणि चित्रंही काढत राहिली. ही माणसं वाचल्यावर मी कुणाला उत्तर देणं सोडून दिलं.

एक प्रसंग सांगते. साबणाच्या एका खोक्यावर गडद लाल पट्ट्यांमध्ये मी फिका करडा योजला होता. छापून आला तो हिरवट, शेवाळल्यासारखा. मी छापखान्यात धावले. तिथल्या माणसानं शांतपणे डेन्सिटोमीटर, म्हणजे शाईचा दाटपणा मोजायचं यंत्र, लावून आकडे दाखवले. शाईत काडीचाही फरक नव्हता. लाल रंगच त्या करड्याला हिरवा करत होता. करड्यात तीन टक्के मॅजेंटा, म्हणजे छपाईची गुलाबीसर शाई, वाढवला, तेव्हा कुठे तो करडा दिसू लागला. त्या रात्री घरी येऊन सहा महिने अडलेल्या कॅनव्हाससमोर उभी राहिले. मधल्या करड्यावर मी थर चढवत बसले होते आणि तो मळकटच होत चालला होता. त्याला हात न लावता शेजारची पिवळ्या मातीची पट्टी खरवडून काढली. चित्र सुटलं.

दिवसाच्या कामानं नुकसानही केलं, तेही सांगायला हवं. मधली काही वर्षं माझी चित्रं फार लवकर पूर्ण होऊ लागली. तोल अचूक, कडा स्वच्छ, दुरूनही लगेच कळावीत अशी. खोक्याला हे लागतं, कारण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. पण चित्रापुढे माणसानं थांबायला हवं, आणि माझ्या चित्रांपुढे मी स्वतःही थांबत नव्हते. त्यांतली नऊ मी फाडून टाकली. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. आता चित्र झालंसं वाटलं की भिंतीकडे तोंड करून ठेवते आणि काही महिन्यांनी उलटून बघते.

सर आता नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी एक चित्र शाळेला देते आहे. बहुतेक करडंच आहे. एक विनंती आहे: ते कार्यालयात लावू नका, चित्रकलेच्या वर्गात लावा. त्याच्या दोन्ही बाजूंना मुलांची चित्रं लावत जा, दर महिन्याला नवी. शेजारी नारिंगी आलं की माझं करडं काय होतं आणि निळं आलं की काय, ते त्यांचं त्यांना बघू द्या.