हॉटेल मॉडर्नची बोटभर माणसे

नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात १९९७ साली आर्लेन होर्नवेख आणि पाउलिन काल्कर या दोन अभिनेत्रींनी ‘हॉटेल मॉडर्न’ ही नाट्यसंस्था सुरू केली. त्यांच्या सोबतीला हेर्मान हेले हे दृश्यकलावंत आले. हेले यांचा हात वास्तुशिल्पकारांसाठी इमारतींच्या प्रतिकृती करण्यात बसलेला होता, आणि माझ्या मते संस्थेची पुढची सगळी वाट त्यामुळेच ठरली. त्यांच्या रंगमंचावर टेबले मांडलेली असतात, टेबलांवर बोटभर उंचीचे जग उभे असते, आणि नट त्या जगात हात घालून बाहुल्या हलवतात. त्याच वेळी अगदी लहान कॅमेऱ्याने ते त्याचे चित्रण करतात आणि ते चित्र त्याच क्षणी मागच्या मोठ्या पडद्यावर दिसते. प्रेक्षकाला पडद्यावरचा खंदकही दिसतो आणि खंदकात माती ओतणारा हातही दिसतो.

गेली बरीच वर्षे मी इंदूरच्या हौशी मराठी रंगभूमीवर नेपथ्याचे काम करीत आलो आहे. सानंद न्यास या इथल्या संस्थेमुळे मुंबई-पुण्याची नाटके आमच्याकडे नियमित येतात आणि येथील प्रेक्षकाचा कान उत्तम तयार झालेला आहे. शब्द कुठे पडला आणि कुठे उचलला गेला, हे त्याला लगेच कळते. डोळ्यांसाठी मात्र आपले नाटक फार थोडे मागते. दिवाणखाना, जिना, एक खिडकी, एवढ्यात आमचे बरेचसे नेपथ्य संपते. म्हणूनच या डच मंडळींच्या प्रयोगांची चित्रणे पाहताना मी अक्षरशः थरारून गेलो, आणि त्यांच्याविषयी मराठीत सविस्तर लिहावे असे वाटू लागले.

त्यांचे ‘महायुद्ध’ हे नाटक २००१ मध्ये रंगमंचावर आले. पहिल्या महायुद्धातील पश्चिम आघाडी त्यांनी लाकडाचा भुसा, कुंडीतली माती, गंजलेले खिळे आणि पार्सलीच्या जुड्या यांतून उभी केली. पार्सली ही कोथिंबिरीच्या जातकुळीतली पालेभाजी; तिची एक काडी मातीत खोचली आणि कॅमेरा जमिनीलगत नेला की पडद्यावर झाड दिसते. इंदूरच्या रामबागेत किंवा नारायण बागेत ज्यांनी लहानपणी दिवाळीचा किल्ला केला आहे आणि त्याच्या उतारावर अळीव पेरून रान उगवले आहे, त्यांना ही रीत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आर्थर साउअर हे संगीतकार रंगमंचावरच बसून तोफांचे, चिखलाचे, पावसाचे आवाज प्रेक्षकांसमक्ष निर्माण करतात, आणि या सगळ्याला आधार असतो तो सैनिकांनी घरी लिहिलेल्या पत्रांचा. पत्र वाचले जात असते, माती उडत असते आणि काही मिनिटांपूर्वी हिरवे असलेले रान हळूहळू काळे पडत जाते.

येथे एक शंका कोणीही घेईल. सगळी युक्ती उघड्यावर मांडली तर परिणाम उरेल कसा? आपल्याकडे नेपथ्यकाराला पहिला धडा मिळतो तो झाकण्याचा: फळीचा जोड दिसू नये, दोरी दिसू नये, विंगेतला माणूस दिसू नये. हॉटेल मॉडर्नने हा धडा उलटा फिरवला आणि तो उलटा फिरवूनच त्यांना त्यांची खरी शक्ती सापडली, असे माझे ठाम मत आहे. जो नट खिळा आणि माती उघडपणे हातात घेतो, तो प्रेक्षकाला फसवीत नाही. युद्ध असे होते असा दावा तो करीत नाही, तर ते कसे असेल याची कल्पना करण्याचे काम तो आपल्यासमोर बसून करतो आणि त्या कामात आपल्याला सामील करून घेतो. म्हणून पडद्यावर एखादी बाहुली चिखलात रुतते तेव्हा ती बाहुली आहे हे पक्के ठाऊक असूनही जीव कासावीस होतो.

२००५ मध्ये ‘काम्प’ हे नाटक आले नसते, तर कदाचित मी हे इतक्या ठामपणे लिहिले नसते. ‘काम्प’ म्हणजे छावणी, आणि ही छावणी ऑशविट्झची, दुसऱ्या महायुद्धातील नाझींच्या मृत्युछावणीची. संपूर्ण रंगमंच व्यापणारी तिची प्रतिकृती, कैद्यांच्या बराकी, रेल्वेचे रूळ, फाटक, आणि सुमारे आठ सेंटिमीटर उंचीच्या, हाताने घडवलेल्या हजारो बाहुल्या. तिघे नट या प्रतिकृतीतून महाकाय वार्ताहरांसारखे वावरतात, पण एकही संवाद बोलत नाहीत. छावणीतला दिनक्रम केवळ दृश्य आणि ध्वनी यांतून आपल्यासमोर येतो. पाउलिन काल्कर यांचे आजोबा ऑशविट्झमध्ये मारले गेले होते, म्हणजे हा विषय या संस्थेला केवळ ग्रंथालयात सापडलेला नव्हता. नेदरलँड्समधून छळछावण्यांत नेऊन एक लाखाहून अधिक ज्यूंना मारण्यात आले. त्या देशातील दर चार ज्यूंपैकी जवळपास तिघे परत आले नाहीत.

अशा जागी मरणाऱ्या कैद्याची भूमिका जिवंत नटाने करणे मला खोटे वाटते. कितीही कसलेला नट असला तरी त्याचे अंग धडधाकट असते आणि प्रयोगानंतर तो घरी जाऊन जेवणार असतो. बाहुली दुःखाचा अभिनय करीत नाही. तिचा चेहरा एकदा घडवला तसाच राहतो, आणि हजारो चेहऱ्यांपैकी प्रत्येक कोणीतरी स्वतंत्रपणे घडवला आहे, हे जाणवल्यावर संख्या आणि माणूस ही दोन्ही एकाच वेळी मनात शिरतात. इतिहासाची पुस्तके संख्या सांगतात, आठवणींची पुस्तके एका माणसाविषयी सांगतात. या नाटकात ती दोन्ही एकाच चौकटीत येतात.

त्यानंतर २००९ मध्ये त्यांनी ‘कोळंबीच्या कथा’ केल्या, ज्यात शेकडो सुकवलेल्या कोळंब्या माणसांच्या आयुष्यातले प्रसंग वठवतात. कल्पना विलक्षण आहे, पण ‘काम्प’च्या पंक्तीला मी तिला बसवणार नाही. तरीही एवढे भीषण काम केल्यानंतर त्याच हातांनी असे खेळकर काहीतरी करावे, यात संस्थेचे मोकळे मन दिसते.

एक गोष्ट मला सारखी खुणावते. पहिल्या महायुद्धात नेदरलँड्स तटस्थ होता. जे युद्ध त्यांच्या भूमीवर झाले नाही, त्यावर या संस्थेने आपले एक गाजलेले नाटक उभे केले. आमच्या इंदूरपासून विसेक किलोमीटरवर महूची छावणी आहे आणि १९१४ मध्ये महूचे नाव धारण करणारी घोडदळ ब्रिगेड फ्रान्सच्या आघाडीवर गेली होती. डिसेंबर १९१७ मध्ये फ्रान्समधील कांब्रेच्या लढाईत याच ब्रिगेडमधून लढणाऱ्या गोबिंद सिंग यांनी तोफांच्या माऱ्यातून निरोप पोहोचवण्यासाठी तीनदा दौड मारली, तिन्ही वेळा त्यांचा घोडा मारला गेला आणि उरलेले अंतर ते पायी धावत गेले. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश सैन्याचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. हिंदुस्तानी सैनिकांनी घरी पाठवलेल्या पत्रांतील उतारे सेन्सॉरच्या दप्तरामुळे, इंग्रजी भाषांतरात का होईना, आजही वाचायला मिळतात. मजकूर आहे, माणसे आहेत, आणि ती ज्या छावणीतून निघाली ते गाव आमच्या शेजारी आहे.

मोबाइलचा कॅमेरा, एक प्रोजेक्टर, चार टेबले आणि माळव्याची काळी माती एवढ्यावर पहिली तालीम करता येईल. दिवाणखान्याच्या नेपथ्याला लागतो त्याहून कमी पैसा यात लागेल, वेळ मात्र कितीतरी अधिक. येत्या हंगामात एका पत्रावरचा वीस मिनिटांचा प्रयोग करून पाहावा, असे मी आमच्या मंडळापुढे मांडले आहे. बाहुल्यांचे चेहरे कोणी घडवायचे आणि पत्र मराठीत वाचायचे की हिंदीत, यावर सध्या चर्चा चालू आहे.