देबुसीची दुगुन आणि माझे वाया गेलेले सहा आठवडे

मागच्या नोंदीत रडगाणं गायलो होतो की फ्रेंच संगीतकार देबुसीची ‘बुडालेलं कॅथेड्रल’ ही पियानोरचना पहिल्या पानापुढे सरकेना. सुरुवातीचे धुक्यातले स्वरगुच्छ जमायचे, पण सातव्या बारला (बार म्हणजे तालाचा एक छापील खण) गाडी चिखलात. वर छापलेलं असतं ‘हळुवार, प्रवाही’, आणि छापील लयीत वाजवलं की प्रवाह थिजतो. सहा आठवडे बोटांना दोष दिला.

मग खुद्द देबुसीने पहिल्या महायुद्धाआधी वेल्टे-मिन्योन या आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या यंत्रासाठी वाजवलेला कागदी रोल ऐकला. बार 7 ला हा गृहस्थ चक्क दुगुन, म्हणजे दुप्पट लय, घेतो! आधीच्या क्वार्टर नोटला जेवढा वेळ, तेवढाच आता त्याच्या दुप्पट लांबीच्या हाफ नोटला. बार 13 ला परत मूळ लय, आणि बार 22 ते 83 पुन्हा दुगुन. 1910 च्या छापील प्रतीत याचा स्पष्ट उल्लेख नाही; सुरुवातीला 6/4 = 3/2 एवढीच तालाची खूण आहे (बारमध्ये सहा क्वार्टर किंवा तीन हाफ). ती मी रोज बघत होतो.

रोलवर भरवसा किती ठेवायचा, हा आपल्यातला जुना वाद. तो आवाजाचा ठसा नाही, कागदाला पाडलेली भोकं आहेत. आज ऐकू येतो तो दुसऱ्याच कुणाचा पियानो. त्यामुळे हलका-जड स्पर्श मी पुरावा म्हणून धरत नाही. पण कागद चुकीच्या वेगाने फिरला तर सगळीच रचना धावेल किंवा रेंगाळेल. नेमकी सातव्या बारला दुप्पट होऊन तेराव्याला परत जागेवर येणार नाही. तो निर्णय माणसाचाच.

सध्याची प्रगती: मिनिटाला 60 क्वार्टर नोटवर सुरुवात, बार 7 पासून हाफ 60. बार 28 चे सी मेजरचे दणदणीत स्वरगुच्छ आता मिरवणुकीसारखे चालतात. डाव्या हाताची खालच्या सी वरची उडी अजून तीनातून एकदा चुकते.

मधल्या काळात नॉर्वेजियन संगीतकार ग्रीगने 1903 मध्ये पॅरिसमध्ये स्वतः वाजवलेल्या तबकड्याही ऐकायला काढल्या. हा मात्र खरा आवाज, खरखरीसकट. गायिका गौहर जानचं ध्वनिमुद्रण 1902 मध्ये कलकत्त्यात करणारी कंपनीच या तबकड्यांची मालकीण, आणि तबकडीत मावण्यासाठी तीन मिनिटांची कात्रीही तीच. ग्रीगची ‘ट्रोल्डहाउगनमधला लग्नाचा दिवस’ ही रचना कापूनच बसवलीय. तेव्हा मिनिटाला 78 फेरे हा तबकडीचा वेग ठरलेला नव्हता, म्हणून पट्टीवरून वेग शोधावा लागतो. रचना डी मेजरमध्ये, तर तबकडी डी मेजरला बसेपर्यंत ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये वेग हलवत बसलो. मग आठवलं, फ्रान्समधला तेव्हाचा अधिकृत ए स्वर 435 कंपनांचा (सेकंदाला), माझा पियानो 440 चा. म्हणजे सुमारे एक टक्का परत खाली. एवढ्याशा फरकाने ग्रीगची उतावीळ घाई थोडी शांत झाली. तरी आज कुणी स्पर्धेत वाजवेल त्याहून तो बेधडकच आहे.

जर्मन संगीतकार ब्राम्सच्या स्वतःच्या वादनाचा 1889 चा व्हिएन्नातला ध्वनिमुद्रणाचा सिलिंडर आठव्यांदा ऐकला. पहिल्या सात वेळा तव्यावर फोडणी तडतडावी तसं काहीतरी. या वेळी त्यातल्या रचनेची, म्हणजे ब्राम्सच्याच पहिल्या हंगेरियन नृत्याची, छापील प्रत समोर धरून बोट फिरवत गेलो, आणि तडतडीच्या मागून दोन-तीन ओळी नीट सापडल्या. मग परत हरवल्या. रविवारी चांगले हेडफोन मागून आणतोय.