काळी माती, कोरडे ऊन आणि रोजची दुचाकी

मी अंबाजोगाईत राहतो आणि तीस किलोमीटरवरच्या एका गावातील शाळेत शिकवतो. येऊन-जाऊन साठ किलोमीटर, वर्षातील अडीचशे दिवस, असा हिशेब धरला तर वर्षाला पंधरा हजार किलोमीटर होतात. एवढे अंतर कापणाऱ्या गाडीला ‘साधी गाडी, साधा वापर’ म्हणणे योग्य नाही, हे मला पहिल्या गाडीचे इंजिन बोअर करून (म्हणजे सिलिंडरची झिजलेली भिंत कोरून) घ्यावे लागले तेव्हा कळले. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत देखभालीचे कोष्टक असते आणि त्या कोष्टकाखाली बारीक अक्षरांत ‘धुळीच्या भागात हे काम अधिक वेळा करावे’ अशा अर्थाचे एक वाक्य असते. मराठवाड्यात राहणाऱ्याने ती तळटीप हाच मुख्य मजकूर समजून वाचावी, असे माझे मत आहे.

सर्वांत आधी एअर फिल्टर, कारण माझ्या पहिल्या इंजिनाचा घात त्यानेच केला. आपल्याकडे मार्च ते मे या काळात शेताकडच्या रस्त्यावर पुढे एखादा ट्रॅक्टर असला तर जी धूळ उडते ती वाळूसारखी भरड नसते. काळ्या मातीची ती धूळ पिठीइतकी बारीक असते आणि कोठेही शिरते. मिस्त्रीने साइड पॅनेल काढून फिल्टर बाहेर काढला तेव्हा त्याच्या घड्यांमध्ये धुळीचा थर पिठाच्या चाळणीत अडकलेल्या कोंड्यासारखा बसलेला होता, आणि एका कोपऱ्यात कागद फाटून बोट जाईल एवढे भोक पडलेले होते. त्या भोकातून माती सिलिंडरमध्ये गेली, तिने पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची भिंत घासली आणि गाडी ऑइल पिऊ लागली. चूक मिस्त्रीची नव्हती, माझी होती. दोन सर्व्हिसिंगला ‘फिल्टर राहू द्या, पुढच्या वेळी पाहू’ असे मीच सांगितले होते.

फिल्टर स्वच्छ करताना तो कोणत्या प्रकारचा आहे हे आधी पाहावे. स्पंजचा फिल्टर रॉकेल किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, हलके ऑइल लावून पुन्हा बसवता येतो. कोरड्या कागदाचा फिल्टर धुऊ नये. तो हलकेच झटकावा आणि हवा मारायचीच असेल तर कमी दाबाने आतून बाहेरच्या दिशेने मारावी. पुष्कळ नव्या गाड्यांत मात्र तेलकट लेप दिलेला कागदी फिल्टर असतो. त्यावर हवा मारली की तो लेप व कागद दोन्ही बिघडतात. म्हणून तो स्वच्छ न करता ठरलेल्या अंतरावर, किंबहुना त्याच्या थोडा आधीच, बदलून टाकावा.

इंजिन ऑइलबद्दल एकच गोष्ट ठामपणे सांगतो. मोटारसायकलच्या क्लच प्लेटा बहुतेक गाड्यांत इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, त्यामुळे डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (अशा बुडालेल्या क्लचसाठीचे जपानी मानक) असे लिहिलेलेच ऑइल घ्यावे. घरी कारसाठी आणलेले ऑइल उरले आहे म्हणून गाडीत ओतले, तर त्यातील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरू लागतो. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही. ऑइल किती दाट असावे हे पुस्तिकेत लिहिलेले असते आणि तेच पाळावे. ‘उन्हाळा आहे, जाड ऑइल टाकू’ हा गॅरेजातला सल्ला मी आता ऐकत नाही. पातळी पाहताना गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी उभी असावी. साइड स्टँडवर कललेल्या गाडीतली पातळी खोटी असते.

चेनबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या ओळखीतील बहुतेकांच्या गाडीत सर्वांत दुर्लक्षित भाग हाच असतो. ज्याला गॅरेजात ‘चेन-सॉकेट’ म्हणतात तो चेन व तिच्या दातेरी चक्रांचा संच धुळीत लवकर झिजतो, पण त्याहून लवकर झिजतो तो जास्त ऑइल ओतल्यामुळे. ऑइल व बारीक माती एकत्र आली की पॉलिश पेपरने घासावे तशी ती चेन घासू लागते. मी दर पाचशे किलोमीटरला, म्हणजे साधारण आठ-नऊ दिवसांनी, चेन रॉकेल लावलेल्या फडक्याने व मऊ ब्रशने पुसतो, कोरडी करतो, आतल्या बाजूने नव्वद नंबरचे गिअर ऑइल थेंबाथेंबाने सोडतो, चाक हाताने फिरवून ते मुरू देतो आणि मग वर दिसणारे सगळे ऑइल पुन्हा पुसून टाकतो. हे पुसणेच महत्त्वाचे आहे. कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली चेन असेल तर पेट्रोल मुळीच वापरू नये, त्या रिंगा खराब होतात. हे काम शाळेतून घरी आल्यावर, चेन कोमट असताना करावे; त्या वेळी ऑइल चांगले आत शिरते. आणि एक गोष्ट विनंती म्हणून नव्हे, तर ताकीद म्हणून लिहितो: इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर फडके धरणे हा बोट गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचे.

ताण पाहण्यासाठी खालच्या बाजूच्या चेनचा मध्यभाग बोटाने वर-खाली हलवावा. बहुतेक लहान गाड्यांना तेथे २० ते ३० मिलिमीटर हालचाल लागते. नेमका आकडा पुस्तिकेत किंवा चेनजवळच्या स्टिकरवर असतो. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक थोडे-थोडे फिरवून जेथे ती सर्वांत ताठ वाटते तेथेच हे माप घ्यावे. ‘जरा घट्टच ठेवा’ असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की दोन माणसे बसली आणि शॉकअप दबला की बहुतेक गाड्यांत चेन आणखी ताणली जाते. आधीच घट्ट असलेली चेन मग बेअरिंगावर जोर टाकते. सॉकेटचे दात कोयत्याच्या टोकासारखे एका बाजूला वाकलेले दिसू लागले, तर ताण वाढवून काही साधत नाही, पूर्ण संच बदलावा. ज्यांच्या गाडीला बंद चेनकव्हर आहे त्यांची धुळीपासून बरीच सुटका होते. ते कव्हर दिसायला जुनाट वाटते म्हणून काढून टाकणारी तरुण मंडळी मी पाहतो आणि वर्षभरात त्यांना गॅरेजातही पाहतो.

पावसाळ्यात धुळीची जागा चिखल घेतो, आणि काळ्या मातीचा चिखल म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. शाळेच्या अलीकडचा दीड किलोमीटर रस्ता कच्चा आहे. जुलैतील पहिल्या मोठ्या पावसानंतर त्यावरून दोनशे मीटर गेले की पुढचे चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती एवढी दाबून बसते की चाक फिरणेच थांबते. अशा वेळी क्लच अर्धवट दाबून, ॲक्सिलरेटर पिळून गाडी रेटण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण पाच मिनिटांत क्लच प्लेटा जळाल्याचा वास येतो आणि तो खर्च एका महिन्याच्या पेट्रोलइतका असतो. उतरावे, बांधावरची तुराटी मोडून घ्यावी आणि माती कोरून काढावी. इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांमध्ये बसलेली मातीही काढावी, नाहीतर ती वाळून विटेसारखी होते व इंजिनाची उष्णता कोंडून ठेवते. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगावर, चेनवर किंवा एअर फिल्टरच्या दिशेने मारू देऊ नये, आणि धुऊन झाल्यावर दोन-चारदा हलके ब्रेक दाबत गाडी चालवावी, कारण भिजलेले ड्रम ब्रेक पहिल्या दाबाला लागत नाहीत.

टायरची हवा सकाळी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. मे महिन्यातील दुपारी चाळीस किलोमीटर धावलेल्या टायरचा दाब काही अंकांनी वाढलेला दिसतो. तो पाहून हवा काढून टाकली तर रात्री टायर कमी हवेवर राहतो. टायरच्या कडेवर चार आकड्यांत बनण्याचा आठवडा व वर्ष छापलेले असते. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात रबराला भेगा लवकर पडतात, म्हणून दुकानातून ‘नवा’ टायर घेतानाही हा आकडा वाचावा. ड्रम ब्रेकच्या बाहेरच्या बाजूला एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपाशी पोहोचला की लायनर संपले. डिस्क ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे ते कमी झालेले नसले तरी दोन वर्षांनी बदलावे.

आता अंगावर घालायच्या वस्तूंकडे येतो. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी, संध्याकाळी घरी येताना रस्त्यावर अर्ध्या भागात सोयाबीन वाळत घातलेले होते आणि समोरून मागचे दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला ओलांडत एक गाडी येत होती. मी डावीकडे सरकलो, चाक सोयाबीनच्या दाण्यांवर गेले आणि गाडी पायाखालून निघून गेली. वेग पस्तीसच्या आसपास असावा. हाड मोडले नाही, पण पडणारा माणूस आपोआप दोन्ही हात पुढे करतो, तसेच माझे झाले, आणि दोन्ही तळव्यांची कातडी गेली. पुढचे तीन आठवडे मला खडू धरता आला नाही, शर्टाची गुंडीही लावता आली नाही. हेल्मेट मी वापरत होतोच, हातमोजे नव्हते. त्यामुळे पैसे थोडे असतील तर हेल्मेटनंतर लगेच हातमोजे घ्यावेत, जॅकेट नंतर, असे मी आता सर्वांना सांगतो. तळव्याला चामड्याचा दुहेरी थर, बोटांच्या सांध्यांवर कठीण आवरण आणि मनगटाला पट्टा हवा. पट्टा नसलेला मोजा पडताना सहज निघून येतो.

हेल्मेटच्या बाबतीत ‘मी हळू चालवतो’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. दीड मीटर उंचीवरून नुसते खाली पडलेले डोके जमिनीवर आदळते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे वीस किलोमीटर असतो, म्हणजे उभ्या गाडीवरून पडले तरी. हेल्मेटच्या आतील थर्माकोलचा थर स्वतः दबून हा धक्का शोषतो, आणि एकदा दबला की तो पुन्हा पूर्ववत होत नाही; म्हणून अपघातात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे. मीही बदलले.

१ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे व विकणे भारतात कायद्याने बंद आहे. तरीही रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली हेल्मेटे मिळतात आणि त्यांच्यावरही चिन्हाचा स्टिकर असतो. खऱ्या चिन्हावर ‘आयएस ४१५१’ हा मानक क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो क्रमांक टाकून खात्री करता येते. दुकानदारासमोर हे करण्यास संकोच वाटू देऊ नये. हनुवटी झाकणारे, पूर्ण तोंडाचेच हेल्मेट घ्यावे. माप घेण्यासाठी भुवयांच्या थोडे वरून डोक्याचा घेर मोजावा. घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत आणि हेल्मेट हलवले की कपाळाची कातडीही त्याबरोबर हलली पाहिजे. पट्टा बांधून, मागची कड धरून ते पुढे ओढून पाहावे. निघून आले तर ते आपले नव्हे.

आपल्याकडे उन्हामुळे डोक्याला दस्ती गुंडाळून त्यावर हेल्मेट घालण्याची पद्धत आहे. दस्तीची गाठ मागे राहिली की हेल्मेट एका बाजूला उचलले जाते आणि दस्तीसह माप घेतलेले हेल्मेट हिवाळ्यात सैल होते. त्याऐवजी पातळ सुती टोपी घालावी, जी रोज धुता येते. काळी काच रात्री वापरू नये, हे लिहिण्याची गरज नसावी, पण दररोज दिसते म्हणून लिहितो. काचेवरची धूळ कोरड्या रुमालाने पुसली तर ओरखडे पडतात. ओले फडके पाच मिनिटे काचेवर ठेवून मग पुसावे.

जॅकेटच्या बाबतीत आपल्या उन्हाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. हवा ४२ अंशांची आणि त्वचा ३५ अंशांच्या आतली असेल तर जोराचा वारा शरीराला थंड करत नाही, उलट तापवतो व घाम क्षणात वाळवून नेतो. उघड्या हातांनी गाडी चालवणाऱ्याला म्हणूनच घरी पोहोचल्यावर डोके दुखते. मी सुती पूर्ण बाह्यांचा बनियन पाण्यात भिजवून, पिळून घालतो आणि त्यावर जाळीचे जॅकेट. साधारण अर्धा तास, म्हणजे शाळा येईपर्यंत, तो कूलरसारखे काम करतो. जॅकेट घेताना कोपर व खांद्याचे पॅड बाहेर काढून त्यांवर ‘ईएन १६२१-१’ (अशा पॅडांचे युरोपीय मानक) व पातळी १ किंवा २ छापलेले आहे का, हे पाहावे. पातळी १चा पॅड चाचणीतल्या आघाताचा सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (किलोन्यूटन हे जोर मोजण्याचे एकक) जोर पलीकडे जाऊ देतो, पातळी २चा २० किलोन्यूटनपर्यंतच. काहीच छापलेले नसेल तर तो बहुधा गादीचा स्पंज असतो. पायांत चप्पल नको. घोटा झाकणारा, नाडी आत खोचता येणारा बूट पुरेसा आहे.

मागे बसणाऱ्यांबद्दल. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट कायद्यानेच आवश्यक आहे. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारा साडीगार्ड, हातपकड आणि पायदान हेही केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाने आवश्यक आहेत. साडीचा पदर आणि ओढणी चाकात जाण्याचे अपघात गार्ड काढून टाकलेल्या गाड्यांवर होतात. केसांचा अंबाडा असेल तर हेल्मेट पुढे ढकलले जाते व काच डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून बायकोचे हेल्मेट मी माझ्या मनाने आणले नाही. तिने दुकानात तीन हेल्मेटे घालून, मान हलवून परत केली, वेणी खाली सोडून चौथे घातले आणि तेच घेतले. ते माझ्या हेल्मेटपेक्षा दोनशे ग्रॅमने हलके निघाले.