मोजणीकाकांची वही

मे महिन्यात घाटावरून आलेली गाडी गॅरेजमध्ये शिरली की ती का आलीये हे मला नाकानेच कळतं. जळालेल्या ब्रेक लायनरचा वास एकदा ओळखीचा झाला की झाला. कुंभार्ली उतरून पोफळी, शिरगाव, खेर्डी करत चिपळुणात येईपर्यंत बराचसा वास वाऱ्यावर जातो, पण चाकाजवळ वाकलं की सापडतोच.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास मोजणीकाका आले. भूमापनातून निवृत्त झालेले, म्हणून आम्ही त्यांना मोजणीकाका म्हणतो. सोबत काकू आणि सुट्टीला आलेला नातू. डिकीत कराडहून आणलेली ज्वारीची पोती आणि गुळाच्या ढेपा. काका गाडीतून उतरले, पण नेहमीसारखे बोलेनात. काकूच म्हणाल्या, "ब्रेक लागलाच नाही रे घाटात. आज देवानेच वाचवलं."

माझ्याकडच्या पोराने आत बसून पेडल दाबलं. दोनदा, तीनदा. "ओके आहे, काय नाय." आणि निघाला चहा आणायला. या पिढीचा मला हाच राग आहे. पेडल आत्ता घट्ट लागतंय म्हणजे दोन तासांपूर्वीही लागत होतं, हे त्यांनी कुठून काढलं? ब्रेकचा हाच तर दगा आहे. गाडी थंड झाली की तो साळसूद होतो.

मी काकांना एकच प्रश्न विचारला. "पेडल दगडासारखं झालं होतं, की पाताळात गेलं होतं?"

बाहेरच्या माणसाला दोन्ही म्हणजे "ब्रेक फेल". आम्हाला मात्र तिथेच अर्धं उत्तर मिळतं. पेडल दगड झालं तर बहुधा इंजिन बंद करून गाडी सोडलेली असते. पायाचा जोर वाढवणाऱ्या बुस्टरला इंजिनाचा व्हॅक्युम लागतो; इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा दाबेपर्यंत साठलेला व्हॅक्युम पुरतो, पुढे मग पायाचा जोर आणि नशीब. पाताळात गेलं तर ब्रेक ऑईल उकळलंय. ऑईल दाबून आकसत नाही म्हणून ब्रेक लागतो. त्याची वाफ झाली की पाय नुसती वाफ दाबत बसतो आणि चाकापर्यंत काही पोचतच नाही.

"पाताळात," काका म्हणाले. "पोफळीच्या वरच्या वळणांवर. दुसरा गिअर कोंबला, हँडब्रेक एकेक दात ओढला. उजवीकडे डोंगर होता की डावीकडे, तेही आठवत नाही."

गाडी रॅम्पवर घेतली. पुढच्या दोन्ही डिस्क निळसर पडल्या होत्या, पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत. पॅडची जाडी अजून निम्मी होती, म्हणजे एरवी सर्व्हिसिंगला कोणी बदललेही नसते. ऑईलच्या डबीचं झाकण उघडलं तर आत कोरा चहा. गाडी २०१९ ची, अठ्ठावन्न हजार चाललेली, आणि ऑईल मूळचंच. हे ऑईल हवेतली ओल शोषतं. डॉट-३ दर्जाचं ऑईल नवं असताना साधारण २०५ अंशांच्या वर उकळतं, पण पाणी प्यायलेलं १४० अंशांनाही दगा देऊ शकतं. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि कोकणातल्या पावसात तर चुकवायचंच नाही. काका दरवर्षी एका सर्व्हिस सेंटरला पैसे मोजत होते. बिलावर "ब्रेक ऑईल टॉप-अप" लिहिलेलं. टॉप-अप! शिळ्या आमटीत ताजं पाणी.

पण नुसतं जुनं झालं म्हणून ऑईल उकळत नाही. एवढी आच आली कुठून? मी विचारलं, "उतरताना गाडी कुठल्या गिअरला होती?"

काकांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून वही काढली.

ही वही मी लांबून पाहिली होती, हातात कधी घेतली नव्हती. जुन्या मारुती ८०० पासूनची नोंद. प्रत्येक वेळी टाकी फुल करून किलोमीटर, लिटर आणि भागाकार. दर रविवारी चारही टायरची हवा, सकाळी, गाडी बाहेर काढायच्या आत, म्हणजे टायर थंड असताना. कॅरिअर काढून ठेवल्याची तारीख. अलाइनमेंट कधी केलं ते. एकवीसच्या खाली अ‍ॅव्हरेज गेलं की लाल शाईने कारण: "एसी", "बाजारात गर्दी". माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना दारावरच्या स्टिकरवर हवेचा आकडा छापलेला असतो हेच माहीत नसतं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून पहाटे पेट्रोल भरायला जातात, थंड पेट्रोल जास्त मिळतं म्हणून. अरे, टाकी जमिनीखाली आहे, तिला पहाट आणि दुपार सारखीच. काका असल्या भानगडीत कधी पडले नाहीत. गाडी हळू उचलायची, लांबचं बघून पाय आधीच काढायचा, सिग्नल लाल दिसला की रेस द्यायचीच नाही. पेट्रोल खरं वाचतं ते इथेच. ब्रेक दाबणं म्हणजे आधीच जाळलेल्या पेट्रोलची धग करून वाऱ्यावर सोडणं, आणि हे काकांना कुणी शिकवायला नको होतं.

एक खोड मात्र होती. चढाला गिअर पाडायचा नाही. इंजिन गुरगुरतंय, गाडी थरथरतेय, तरी चौथाच. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली म्हणजे पेट्रोल कमी लागतं, असा हिशेब. सपाटीला तो ठीक आहे, पण चढाला अशी कुथवली की भागवण्यासाठी ॲक्सिलेटर खोल दाबावा लागतो, इंजिन ठोकतं आणि ते ज्यावर बसतं त्या माउंटिंगचं रबर फाटतं. त्यांचं एक फाटलंच होतं.

वहीच्या पहिल्या पानावर, निळ्या शाईत, १९९७ सालची ओळ होती: "उतारावर न्यूट्रल. – उस्ताद."

"तुझ्या उस्तादांचंच सांगणं," काका म्हणाले. "तेव्हापासून कधी मोडलं नाही."

मी पाना शोधायला आत गेलो. पाना हातातच होता.

त्या काळात ही गोष्ट अगदी खोटी नव्हती, हे सांगायला हवं. कार्ब्युरेटरच्या गाडीला गिअरमध्ये सोडून पाय काढला तरी इंजिन फिरत राही आणि आयडलच्या वाटेने पेट्रोल ओढत राही. न्यूट्रल केलं की फेरे कमी, ओढ कमी. दोन पैसे वाचत. पण २००० च्या आसपास गाड्या इंजेक्टरवर आल्या आणि हिशेब उलटा झाला. आता गिअरमध्ये पाय काढला, फेरे पुरेसे असले, की कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करतो. इंजिनाला चाकं फिरवतात, पेट्रोल शून्य. उलट न्यूट्रल केलंत तर इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणजे पेट्रोल हवंच. वर गिअरची ओढ गेली, त्यामुळे चार माणसांच्या वजनाइतक्या सामानासकट सगळी गाडी त्या पॅडनी धरून ठेवायची. ट्रकवाल्यांचंही तेच. मालक डिझेल मोजून देतो, उरेल ते ड्रायव्हरचं, मग ड्रायव्हर घाटात न्यूट्रल मारणार नाही तर काय करणार? त्याला शिव्या देणं सोपं आहे. तो हिशेब घालून देणारा मालक घाटात नसतो.

नवे पॅड घातले, डिस्क घासून घेतल्या, माउंटिंग बदललं. ऑईल पूर्ण काढलं, लांबच्या चाकापासून सुरुवात करून. पारदर्शक नळीतून आधी काळपट, मग तपकिरी, मग बुडबुडे आणि शेवटी मधासारखं स्वच्छ. ते स्वच्छ यायला लागलं की मला अजूनही बरं वाटतं. हे काम पोरांवर सोडत नाही.

काकांना हे सगळं तोंडी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण मान हलली नाही. मोजणी खात्यातला माणूस. तोंडी साक्ष त्यांना चालत नाही. म्हणाले, "न्यूट्रलला काटा आठशेवर असतो. गिअरमध्ये तीन हजारांवर जातो. तीन हजारांवर पेट्रोल शून्य कसं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कॅनर घेतला आणि त्यांच्याच गाडीतून घाटमाथ्यापर्यंत गेलो. येताना मी चालवली, स्टेअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून तो त्यांच्या मांडीवर दिला. स्क्रीनवर इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहतो ते दिसतं. आधी न्यूट्रल: सव्वादोनच्या आसपास, सतत. मग दुसरा गिअर, पाय बाजूला. गाडी तीसच्या आसपास, काटा अठ्ठावीसशेवर, इंजिनाचा घुमलेला आवाज. आकडा: शून्य. काकांनी स्कॅनर हलवून बघितला. पुढच्या वळणावर गाडी मंदावली, फेरे उतरले, तसा आकडा पुन्हा दिसायला लागला. परत उतार, परत शून्य. ब्रेक मी मोजून सहा वेळा लावला. पोफळीला उतरून डिस्कजवळ हात नेला, साधी गरम होती.

"न्यूट्रलने किती जात असेल?" काकांनी विचारलं.

असल्या इंजिनाला उभ्याने तासाला पाऊण लिटरच्या जरा आत लागतं. उताराची वीसेक मिनिटं. म्हणजे पाव लिटरच्याही आत. गिअरमध्ये आला असता तर जवळपास काहीच नाही. इतकी वर्षं वाचवलं असं ज्याला म्हणत होते, ते दर फेरीला वीस-बावीस रुपये जात होते. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि नातू मागे बसलेला."

गॅरेजला आल्यावर बिल झालं चार हजार आठशे पन्नास. काकांनी ते पेट्रोलच्या हिशेबात धरलं. वर्षाचे नऊ हजार किलोमीटर, लिटरला एकशे पाच; भागाकार करून लाल शाईने लिहिलं: "प्रत्यक्ष अ‍ॅव्हरेज १९.३". पहिल्या पानावरची ओळ त्यांनी खोडली नाही. खाली नवी लिहिली: "उतारावर गिअर. २ रा / ३ रा."

"उस्तादांनाही कळलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "पण त्यांच्या काळात कुठे होते हे स्कॅनर."

उस्ताद जाऊन बारा वर्षं झाली. गिऱ्हाइकाला गाडी कशी चालवावी हे ते कधी सांगत नसत, फारच झालं तर एक वाक्य: ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा. आमच्याकडे आलेल्या ट्रकच्या क्लीनरांनाही हेच. १९९७ मध्ये ते आत पिस्टन बसवत होते. बाहेर काउंटरवर उभं राहून ८०० वाल्या साहेबांना अ‍ॅव्हरेज वाढवायच्या युक्त्या सांगत होतो मी, एकोणीस वर्षांचा. साहेबांनी विचारलं, "कोण म्हणतं?" मी म्हटलं, उस्ताद म्हणतात.

काकांना म्हणालो, "हो, त्यांच्या काळात नव्हते." आणि त्यांच्या हातून पैसे घेतले.